देश स्पर्धेत कुठे उभा आहे हे मोजायचं कसं, काजूच्या गोणीवर बसून

कुडाळजवळच्या आमच्या काजू कारखान्यात मार्च-एप्रिलला नवीन बी यायला लागली की भाऊ, म्हणजे आमचे मालक, एकदा तरी हा प्रश्न टाकतातच, "आमच्या काजीक चव आसा, साईज आसा, मगे ते व्हिएतनामवाले आमच्यापेक्षा स्वस्त कसे देतत?" मी तिथे हिशोब आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो त्यामुळे उत्तर मी द्यायचं असं ठरलेलंच आहे. त्यात यंदा शेजारची पोरगी एम.कॉम.च्या प्रोजेक्टचा विषय घेऊन आली, भारताची आंतरराष्ट्रीय स्पर्धात्मकता, आणि तिच्या गाईडने सांगितलेलं काय तर एखादा इंडेक्स घे, रँक लिही, ग्राफ काढ, झालं. म्हटलं असं नाही हो चालत. मग रविवारचे दोन-तीन सकाळ तिच्याबरोबर बसलो आणि जे काही केलं ते इथे लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरी कोण आली तर मला परत तोंडाची वाफ दवडायला नको.

सुरुवात आकड्यांनी करायचीच नाही. आधी कागदावर लिहायचं की मी कोणाची स्पर्धा मोजतोय. कारखान्याची, धंद्याची की देशाची? ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. कारखान्याचं सोपं आहे, माल विकला गेला आणि पैसे उरले तर टिकला, नाहीतर कुलूप. देशाला कुलूप लागत नाही. पॉल क्रुगमन ह्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९४ साली हेच ठासून सांगितलं होतं की देश म्हणजे कंपनी नव्हे, एक देश श्रीमंत झाला म्हणजे दुसरा गरीब झालाच असं नाही, आणि लोकांचं राहणीमान मुख्यतः घरच्या उत्पादकतेवर ठरतं, म्हणजे एक माणूस तासाला किती काढतो त्याच्यावर. सावंतवाडीच्या बाजारात समोरासमोर दोन मिठाईवाले असले तर एकाचं गिऱ्हाईक तुटलं की दुसऱ्याचं वाढतं, पण व्हिएतनाम नुसता आपला समोरचा दुकानदार नाही, तो आपलं गिऱ्हाईकही आहे, आपल्याकडून तो बरंच काही विकतही घेतो.

मग देशाच्या स्पर्धात्मकतेला अर्थच नाही का? आहे, पण व्याख्या नीट घ्यायला लागते. मला आवडते ती १९८५ साली अमेरिकेतल्या एका सरकारी आयोगाने केलेली. तिचा सारांश असा, की खुल्या बाजारात जगाच्या कसोटीला उतरेल असा माल आणि सेवा देश काढू शकतो का, आणि ते करताना त्याच्या लोकांचं खरं उत्पन्न टिकतं किंवा वाढतं का. दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. मजुरी दाबून आणि रुपया पाडून माल कोणीही विकेल. त्या व्याख्येत ते बसत नाही, कारण सोलणाऱ्या बायांच्या हातात महिन्याच्या शेवटी काय पडलं ते पण मोजायचंय. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमची व्याख्या वेगळी, ते म्हणतात देशाची उत्पादकता ठरवणाऱ्या संस्था, धोरणं आणि घटक यांचा संच म्हणजे स्पर्धात्मकता. म्हणजे एकजण निकाल बघतो आणि दुसरा निकालाची कारणं बघतो. तुम्ही काय बघताय ते पहिल्या पानावर एका वाक्यात लिहा. पोरीला मी हे वाक्य चार वेळा लिहायला लावलं, चौथ्या वेळेला कुठे बरं जमलं.

आता माल निवडायचा. अख्ख्या देशाकडे एकदम उडी मारू नका, आधी एक वस्तू घ्या जी तुम्हाला हाताने ठाऊक आहे. आम्ही काजू घेतला. कस्टमच्या पद्धतीत प्रत्येक मालाला एचएस कोड असतो आणि पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, कवचासकट बी ०८०१३१ आणि सोललेला गर ०८०१३२. इथे घाई केलीत तर मेलात, कारण नुसतं ०८ टाकलं तर त्यात काजू, आंबा, द्राक्षं, केळी सगळं एकाच डालीत येतं. आंब्याचीही गंमत आहे, सहा आकड्यांवर ०८०४५० मध्ये हापूस, पेरू आणि मँगोस्टीन शेजारी शेजारी बसलेले, म्हणजे नुसत्या आंब्याचा आकडा पाहिजे तर आपल्या देशाच्या आठ आकडी कोडात शिरावं लागतं.

आकडे फुकट मिळतात. संयुक्त राष्ट्रांचं कॉमट्रेड आहे, ट्रेड मॅप आहे, आपल्या वाणिज्य मंत्रालयाची एक्स्पोर्ट-इम्पोर्ट डेटा बँक आहे, मासळीसाठी एमपीडाचे, म्हणजे समुद्री मालाच्या निर्यातीचं जे सरकारी प्राधिकरण आहे त्याचे आकडे. दोन गोष्टींत मात्र सगळे फसतात. एक, आपलं वर्ष एप्रिल ते मार्च आणि व्हिएतनामचं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे दोन्ही शेजारी मांडताना वरती तसं लिहा. दुसरं, निर्यातीचा आकडा एफओबीने धरतात म्हणजे बोटीवर चढेपर्यंतची किंमत, आणि आयातीचा सीआयएफने, म्हणजे विमा आणि भाडं धरून. म्हणून आपण अमुक देशाला विकल्याचा आपला आकडा आणि त्याने आपल्याकडून घेतल्याचा त्याचा आकडा कधीच जुळत नाहीत. पोरगी घाबरून म्हणाली, "काका, माझं काहीतरी चुकलंय." म्हटलं गो नाही, जुळले असते तर मी घाबरलो असतो.

पहिलं माप वाट्याचं, म्हणजे जगाच्या बाजारात कोणाचा माल किती. व्हिएतनामने २०२३ साली काजू विकून साडेतीन अब्ज डॉलरच्या वर कमावले. आपली काजूगराची निर्यात २०२३-२४ मध्ये ३५ कोटी डॉलरच्या आसपास. दहा पटींचा फरक! आणि हाच धंदा एकेकाळी आपल्या हातात होता, गर निर्यातीत पहिला नंबर व्हिएतनामने २००६ च्या सुमारास आपल्याकडून घेतला तो परत दिलाच नाही. हा आकडा टाकून कोणीही लेख संपवील, "भारत काजूत हरला". थांबा जरा.

दुसरं माप काढा, बेला बालासा नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये रूढ केलेलं, त्याला आरसीए म्हणतात, मराठीत दिसून आलेला तुलनात्मक लाभ. नाव भारी पण हिशोब चौथीतला. देशाच्या १०० रुपयांच्या निर्यातीत काजू किती, भागिले जगाच्या १०० रुपयांच्या निर्यातीत काजू किती. एकाच्या वर आलं की त्या मालात देशाचा हात बसलेला आहे असं समजायचं. व्हिएतनामची एकूण माल निर्यात त्या वर्षी साधारण ३५५ अब्ज डॉलर होती, म्हणजे त्यांच्या शंभरात काजू साधारण १ रुपया. आपली ४३७ अब्ज, म्हणजे आपल्या शंभरात काजू ८ पैसे. आता जगाच्या शंभरात काजू समजा २ पैसे धरले, तर व्हिएतनामचा आरसीए ५० आणि आपला ४. बघा, दहापटीने मागे पडूनसुद्धा आपला आकडा एकाच्या बऱ्यापैकी वरच आहे, म्हणजे ह्या मापाप्रमाणे भारत अजून काजूत "स्पर्धात्मक" आहे! वाट्याचं माप म्हणतं हरलो, आरसीए म्हणतो चाललंय की. दोन्ही खरं आहे, प्रश्न वेगळे आहेत. आरसीए फोटो काढतो, सिनेमा नाही, म्हणून तो एका वर्षाचा कधीच देऊ नका, दहा-पंधरा वर्षांचा काढून रेघ कुठे चाललीय ते बघा.

आणि रेघ खाली गेली तरी लगेच कपाळाला हात लावू नका. आपली निर्यात कमी व्हायचं एक मोठं कारण म्हणजे आपणच काजू खातो. दिवाळीचे डबे, काजूकतली, लग्नाचं जेवण, हॉटेलातल्या ग्रेव्ह्या, सगळं मोजलं तर भारत काजू खाण्यात जगात पहिल्या रांगेत आहे. आमच्याकडचा चांगला डब्ल्यू २४०, म्हणजे पाउंडाला २२० ते २४० गर बसतात तो, देशातच चांगला भाव देऊन जातो मग भाऊ कशाला कंटेनरच्या मागे लागतील? निर्यात पडली पण धंदा नाही पडला. हे कुठल्याच गुणोत्तरात आपोआप दिसत नाही, ते विचारायला माणसाकडे जावं लागतं.

आता मला सगळ्यात आवडणारी पायरी. व्हिएतनामच्या त्या साडेतीन अब्जाच्या आत हात घालून बघा. ते बरीचशी बी बाहेरून आणतात, कंबोडिया, आयव्हरी कोस्ट, आफ्रिकेतले बाकीचे देश. २०२३ मध्ये कच्च्या बीच्या आयातीवरच त्यांचे तीन अब्ज डॉलरच्या वर गेले. थोडी बी गोदामात शिल्लक राहिली असेल, थोडी त्यांची स्वतःची, तरी हिशोब उघड आहे की बाहेर दिसणाऱ्या रकमेतली मोठी रक्कम आफ्रिकेतल्या आणि कंबोडियातल्या शेतकऱ्याची, त्यांच्याकडे राहिली ती फोडण्या-सोलण्या-पॅकिंगची. ह्याला मूल्यवर्धन म्हणतात आणि आजकाल एकूण निर्यातीपेक्षा मूल्यवर्धनावर तुलना करावी असं जाणकार सांगतात, ओईसीडी, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना, त्याचे वेगळे तक्ते काढते, त्याला टिवा म्हणतात. हे आपल्यालाही लागू आहे बरं का, आपले कारखाने पण आफ्रिकेची बी आणतात, कोकणातली बी वर्षभर पुरत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ह्या जातींची झाडं घरोघरी आहेत, वेंगुर्ला काजूला जीआय टॅग पण आहे, तरी यंत्रांचं पोट भरायला बंदरावरून बी येतेच.

मग भाऊंच्या प्रश्नाकडे, स्वस्त कसे देतात. इथे दोन मापं लागतात.

एक, युनिट लेबर कॉस्ट. मजुरी किती ते बघू नका, एका किलोमागे मजुरी किती पडली ते बघा. समजा, आकडे माझे आहेत नुसते समजायला, आपल्याकडे एका बाईला दिवसाला ४०० रुपये आणि तिच्या हातून दिवसाला १० किलो गर निघतो, किलोमागे ४० रुपये. तिकडे कामगाराला १००० रुपये, पण तो यंत्रांच्या लायनीवर उभा आहे आणि त्याच्या वाटणीला दिवसाला ५० किलो येतात, किलोमागे २० रुपये. पगार अडीचपट आणि तरी माल स्वस्त! व्हिएतनामने फोडण्याची आणि सोलण्याची यंत्रं लवकर आणि सरसकट लावली, आपल्याकडे पायाने दाबायचं मशीन आणि समोर बसलेल्या बाया हे चित्र बरीच वर्षं तसंच राहिलं, हा त्यातला मोठा भाग. फक्त लक्षात ठेवा की ह्या मापात यंत्राचा हप्ता, वीज, बँकेचं व्याज काहीच येत नाही, आणि आमच्यासारख्या धंद्यात, जिथे अख्ख्या वर्षाची बी दोन-तीन महिन्यांत घेऊन ठेवायची असते, तिथे व्याज मजुरीच्या तोडीस तोड असतं.

आणखी एक गंमत. निकोलस काल्डोर ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये दाखवलं की युद्धानंतरच्या काळात ज्या देशांची युनिट लेबर कॉस्ट वाढत होती, जपान, जर्मनी वगैरे, त्यांचाच निर्यातीतला वाटाही वाढत होता. उलटं व्हायला पाहिजे होतं ना? ते काल्डोरचं कोडं म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे लोक नुसत्या स्वस्ताईला माल घेत नाहीत, मालाचा दर्जा, वेळेवर पोच, नवीन वस्तू ह्याला पण पैसे मोजतात.

दुसरं माप रुपयाचं. रुपया डॉलरला घसरला की टीव्हीवर लगेच "निर्यातदारांची चांदी" सुरू होतं. चांदीबिंदी काही नसते नेहमी. रुपयाची किंमत समजा ५ टक्क्यांनी उतरली, पण आपल्याकडे महागाई ६ टक्के आणि समोरच्या देशात २ टक्के. आता करा गुणाकार, ०.९५ गुणिले १.०६ भागिले १.०२, आलं ०.९८७. म्हणजे ५ टक्के घसरणीतून खरा फायदा सव्वा टक्का, बाकीचा डिझेल, पुठ्ठ्याचे खोके आणि मजुरी खाऊन गेली. हेच सगळ्या गिऱ्हाईक देशांशी त्यांच्या व्यापाराच्या वजनाप्रमाणे एकत्र केलं की त्याला आरईईआर म्हणतात, रिझर्व्ह बँक दर महिन्याच्या बुलेटिनमध्ये ४० चलनांच्या टोपलीचा आकडा देते, २०१५-१६ ला १०० धरून. १०० च्या वर गेला म्हणजे आपला माल त्या वर्षाच्या तुलनेत महाग झाला. आकडा तयार मिळतो, स्वतः काढायच्या भानगडीत पडू नका. पण ती टोपली अख्ख्या देशाच्या व्यापाराची आहे, काजूची नव्हे, काजूसाठी रुपया आणि व्हिएतनामचं चलन डाँग वेगळे लावून बघावे लागतील.

किमतीच्या पलीकडचं कसं मोजायचं, तर त्याला एकच एक आकडा नाही, पण हापूसवरून समजेल. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने भारतातून येणारा आंबा बंद केला, सोबत वांगं, कारलं, पडवळ आणि चक्क अळू. ऐन सिझनमध्ये! कारण भाव नव्हता, रुपया नव्हता, फळमाशी होती. आदल्या वर्षी आपल्या भाज्या-फळांच्या २०७ खेपांत कीड सापडली होती असं त्यांचं म्हणणं. त्या महिन्यात देवगडच्या बागायतदाराने पेटी अर्ध्या भावात दिली असती तरी लंडनला गेली नसती. पुढे गरम पाण्याची प्रक्रिया, पॅकहाऊसची तपासणी वगैरे झालं आणि २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. अमेरिकेचं दार २००७ मध्ये उघडलं ते विकिरणाच्या अटीवर. म्हणून मोजताना एक रकाना असा ठेवा, माल परत किती वेळा आला, कशासाठी आला, तपासणीची सोय किती लांब आहे, बंदरापर्यंत किती तास. कुडाळहून न्हावा-शेव्याला कंटेनर पाठवणाऱ्याला मुंबई-गोवा हायवेबद्दल विचारा, तो तुम्हाला स्पर्धात्मकतेवर तासभर व्याख्यान देईल आणि त्यातले निम्मे शब्द प्रोजेक्टमध्ये छापता येणार नाहीत.

आता राहिल्या त्या रँका, गाईडच्या लाडक्या. मी मुद्दाम शेवटी ठेवल्या. मुख्य दोन. एक आयएमडीची, आपल्याकडे आयएमडी म्हटलं की वादळाचा इशारा आणि होड्या किनाऱ्याला, पण ही स्वित्झर्लंडमधल्या लोझानची बिझनेस स्कूल आहे, १९८९ पासून पुस्तक काढते. आर्थिक कामगिरी, सरकारची कार्यक्षमता, धंद्यांची कार्यक्षमता आणि पायाभूत सोयी असे चार भाग, साधारण दोन तृतीयांश वजन आकडेवारीला आणि एक तृतीयांश मॅनेजर लोकांच्या सर्व्हेला. भारत २०२४ मध्ये ६७ देशांत ३९ वा होता, २०२५ मध्ये ६९ देशांत ४१ वा. दोन पायऱ्या उतरला म्हणून बातम्या झाल्या, पण यादीतच दोन देश वाढले होते हे किती जणांनी लिहिलं?

दुसरी वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमची, १२ खांबांची, खांब म्हणजे गुण द्यायचे विषय. तिची शेवटची क्रमवारी २०१९ ची, १४१ देश, सिंगापूर पहिला, भारत ६८ वा. २०१८ ला आपण ५८ वे होतो. दहा पायऱ्या खाली! पण गुण बघा, शंभरातला जेमतेम पाऊण गुण गेला होता. मधल्या गर्दीत सगळे इतके खेटून उभे असतात की एकाने कोपर मारलं तर दहा जण हलतात, सातच्या एसटीसारखं. त्याच वर्षी व्हिएतनाम ७७ वरून ६७ वर आला, म्हणजे बरोबर आपल्या एक पायरी पुढे. म्हणून नियम एकच, रँक लिहिलीत तर बाजूला गुण लिहा, किती देश होते ते लिहा, आणि कुठल्या खांबात खाली गेलो ते लिहा. करोनानंतर ती क्रमवारी बंदच आहे, तरी अजून प्रोजेक्टांतून "सध्या भारत ६८ वा" असं वाचायला मिळतं.

तिसरीचं उदाहरण सावध राहायला. जागतिक बँकेची डुइंग बिझनेस, कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं ते सांगणारी. भारत २०१५ च्या अहवालात १४२ वा होता तो २०२० च्या अहवालात ६३ वा आला, किती ढोल वाजले. त्यात भारताचा आकडा म्हणजे मुंबई आणि दिल्ली, दोनच शहरं. कुडाळ, कणकवली, चिपळूण त्यात कुठेच नाहीत, इथे विजेचं कनेक्शन किती दिवसांत मिळतं ते कोणी मोजलं नाही. पुढे काही देशांच्या आकड्यांत गडबड सापडली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने अहवालच बंद केला, आता २०२४ पासून बी-रेडी नावाचा नवीन सुरू केलाय. इंडेक्स वापरू नका असं मी म्हणत नाही, पण वापरायच्या आधी मोजणाऱ्याने कोणाला विचारलं, कुठे विचारलं आणि वजनं कोणी ठरवली हे तीन प्रश्न त्याच्या मेथडॉलॉजीच्या पानावर जाऊन शोधा. ते पान कंटाळवाणं असतं, चहा घेऊन बसा.

शेवटी सगळं एका पानावर. आम्ही केलेलं पान असं होतं, वरती व्याख्येचं ते एक वाक्य, खाली वाटा आणि आरसीए पंधरा वर्षांचे, त्याखाली मूल्यवर्धनाची टीप, मग आरईईआर, मग किलोमागची मजुरी, मग परत आलेल्या मालाचा रकाना, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात रँका गुणांसकट. सरासरी काढून एक आकडा केला नाही. गाईडने विचारलं म्हणे की निष्कर्षाचा आकडा कुठाय, पोरीने सांगितलं की सर आकडे सात आहेत आणि त्यातले दोन एकमेकांशी भांडतायत. पास झाली.

पान छापायच्या आधी धंद्यातल्या एका माणसाला दाखवायचं, ही पायरी सोडू नका, म्हणून मी ते भाऊंना दाखवलं. त्यांनी आरसीएकडे ढुंकूनही बघितलं नाही, बोट थेट किलोमागच्या मजुरीवर ठेवलं. "ह्यो आमचो आकडो किती?" मग मजुरीची वही काढली, विजेची बिलं काढली, बँकेचं व्याज वेगळं धरलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या कारखान्याचा खरा आकडा काढला. तो काही इथे लिहीत नाही, मला तिथे अजून नोकरी करायचीय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी मला सोलणीच्या यंत्राची कोटेशन्स मागवायला सांगितली.